शेवटच्या आठवड्यातला मका

टॅमरॅक फॉल्स, विस्कॉन्सिन
बुधवार, ९ ऑक्टोबर १९९१

ओरिन,

सतरा वर्षांत मी तुला सतरा नाताळकार्डं पाठवली, तुझं उत्तर एकाचंही नाही. आणि काल जेवणाच्या सुट्टीत बेव्ह स्ट्रोइकच्या पिशवीतून एक लिफाफा डोकावत होता. मोंटानाचा शिक्का आणि वर तुझं ते डावीकडे कललेलं अक्षर. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. तुझंच. सख्ख्या बहिणीला चार ओळी लिहायच्या म्हटलं की तुझ्या हाताला लकवा होतो, आणि जी बाई तू जन्मात पाहिली नाहीस तिला मात्र जाडजूड पत्र!

सरळ विचारते. काय शिजतंय तुम्हा दोघांचं?

तुला माहीत असेलच, तरी सांगते. बेव्ह आता कॅनरीत मक्याचे डबे शिजवायचा चार नंबरचा कुकर चालवते. तुझा कुकर. क्रीमचा मका, तो दाटसर वाटलेला, अजूनही फक्त त्याच कुकरमध्ये शिजतो. सोमवारी गोदामात एकशे बारा डबे फुगलेले सापडले. सगळे क्रीमचे, सगळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले. माल दोन आठवडे गोदामात ठेवायचा आमचा नियम आहे म्हणून वाचलो, एकही डबा दुकानात गेलेला नाही. नाहीतर कोणाच्या घरी काय झालं असतं ते तुला सांगायला नको. डबा फुगला म्हणजे आत काहीतरी जिवंत राहिलं, म्हणजे शिजवणाऱ्याने मिनिटं चोरली. दुसरं कारण नसतं.

मी तिची नोंदवही मागवली. अडीचशे डिग्री, ऐंशी मिनिटं. अडीचशे डिग्री, ऐंशी मिनिटं. आठवडाभर एक आकडा इकडचा तिकडे नाही. इतकं स्वच्छ पान मी याआधी एकदाच पाहिलंय, एका दमात, एका शाईने लिहिलेलं, आणि ते कोणाचं होतं हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

आता मला सांग, यात मी काय समजायचं? चार नंबर, शेवटचा आठवडा, फुगलेले डबे आणि तिच्या पिशवीत तुझं पत्र. तेसुद्धा माझ्या शेवटच्या वर्षी. डिसेंबरात मी निवृत्त होतेय, सदतीस वर्षांनी. मॅनेजर टेशनी पितळी पाटी करायला टाकलीय, चर्चमधल्या बायका केक करणार आहेत. कॅनरीतली पहिली बाई शास्त्रज्ञ, असं काहीतरी त्या पाटीवर असणार आहे. तुला हे कोणी कळवलं का? आणि कळल्यावर तुझ्या पोटात दुखलं का?

सोमवारी, एकवीस तारखेला बैठक आहे. माझ्या सहीचा अहवाल तिथे वाचला जाईल. त्यात बेव्हचं नाव आलं की ती त्याच दिवशी घरी जाईल. दोन मुलं आहेत तिला आणि नवरा कंबर धरून बसलेला आहे. तेव्हा तू तिला काय शिकवलंस ते त्याआधी कळव. तिच्यासाठी तरी कळव.

व्हर्ना


रविवार, १३ ऑक्टोबर

ओरिन,

तुझं उत्तर इतक्यात येणार नाही हे कळतं मला, टपालाला चार दिवस लागतात. पण हाताला चैन नाही.

क्रीमची लाइन बंद केलीय. चार नंबरमध्ये सध्या पाण्यातला दाणेदार मका शिजतोय, बेव्हच चालवतेय. मी टेशना म्हटलं, तिला काढू नका एवढ्यात, मला बघायचंय. आणि मी बघतेय. बुधवारपासून लॅबच्या खिडकीत उभी आहे. तिला न सांगता तिच्या मालात तीन डबे घातले, पोटात तापमान मोजायची तार असलेले. ती एक मिनिट जरी आधी वाफ सोडती, तरी मला कळलं असतं.

तिने सोडली नाही. तिन्ही दिवस एक मिनिटसुद्धा नाही. डब्याच्या पोटात उष्णता पोचायला हवी तेवढी पोचली.

तू म्हणशील, मग झालं की. नाही झालं. मी पाहतेय हे तिला कळलंय. शुक्रवारी ती सरळ खिडकीपाशी आली आणि काचेवर टकटक केली.

"मिस टॉरस्टॅड, काही हवंय का? तीन दिवस तुम्ही या खिडकीत उभ्या आहात."

"खिडकी माझ्या लॅबची आहे," मी म्हटलं.

"खिडकी तुमचीच आहे हो, पण नजर माझ्यावर आहे ना! मला धड शिंकतापण येत नाही."

उद्धट बाई आहे. चोराच्या तोंडी असा फटकळपणा असतो का, मला सांगता यायचं नाही. तुझ्या तोंडी होता. चौऱ्याहत्तरच्या त्या बैठकीत तूही असाच म्हणाला होतास, "व्हर्ना, तुला कागद वाचता येतात, माणसं वाचता येत नाहीत." सगळ्यांसमोर. मी ते विसरलेली नाही.

आज प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी घेताना लिंडविगबाईंना गाठलं. तुझा पत्ता गावात माझ्याशिवाय त्यांच्याकडेच आहे.

"बेव्हला पत्ता तुम्ही दिलात?"

"दिला की. का, त्यालापण आता तुझी परवानगी लागते?" त्या माझ्या ताटलीत रूबार्बच्या वडीचा अजून एक तुकडा वाढत म्हणाल्या. "बिचारी इतकी घाबरली होती. सप्टेंबरचा शेवटचा रविवार होता तो."

सप्टेंबरचा! म्हणजे डबे फुगायच्या आठ दिवस आधी. ओरिन, डबे फुगणार हे तिला आधीच माहीत होतं! मी वडी तशीच ठेवली आणि घरी आले. जो माणूस निर्दोष असतो तो आठ दिवस आधी घाबरत नाही.

टेश मला रोज विचारतात. काल म्हणाले, "व्हर्ना, मला एक नाव दे. निबंध नको." नाव माझ्याजवळ तयार आहे. दुसरंही एक आहे, ते तुझं.

व्हर्ना


गुरुवार, १७ ऑक्टोबर

ओरिन,

मी चोरी केली. एकसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. बेव्ह कुकरवर असताना तिच्या कपाटातून तुझं पत्र काढलं, लॅबला आतून कडी लावली आणि वाचलं. आता ते माझ्या खणात आहे. तिला अजून कळलेलं नाही. तू तिला कळवशील तर खुशाल कळव.

मला वाटलं होतं पत्रात युक्त्या असतील. कुकर लवकर कसा उघडायचा, काटा कसा धरून ठेवायचा. त्यातलं काहीच नाही. उलट तू तिला लिहितोस, "शेवटच्या आठवड्यातला मका म्हातारा असतो. लापशीसारखा घट्ट होतो. त्याला भिंतीवरच्या कागदापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं जास्त दे. आणि जास्त दिलीस ते खरं लिही, माझ्यासारखं करू नकोस. मी जास्त द्यायचो आणि माझ्या बहिणीच्या भीतीने पान फाडून नवीन लिहायचो. मग तिने मला नोटीस दिली तेव्हा कागदाप्रमाणे ऐंशीच दिली, आणि त्याच आठवड्यात डबे फुगले."

माझ्या भीतीने! मी काय वाघीण होते?

हे खोटं आहे, ओरिन. हे तू सतरा वर्षं बसून रचलेलं आहे. पान तू बदललंस, ते कमी मिनिटं लपवायला. जास्त मिनिटं कोण लपवतं? आणि नोटीस कसली? मी तुला कसलीही नोटीस दिल्याचं मला आठवत नाही. रोज दहा कागदांवर सह्या करायचे मी तेव्हा.

आणि हे ऐक. ती ऐंशी मिनिटं काही मी स्वप्नात पाहून लिहिली नाहीत. १९७२च्या ऑगस्टमध्ये मी स्वतः चौदा दिवस चार नंबरच्या पुढ्यात बसून, डब्या-डब्यात तारा घालून ती काढली होती. तू डबे भरून देत होतास. मॅडिसनच्या विद्यापीठातून माझे प्रोफेसर येऊन बघून गेले. भिंतीवरचा तो कागद म्हणजे माझी सगळी कमाई आहे. आई-बाबांनी मला शिकायला सोडलं, आणि तू नववीनंतर शाळा टाकून कॅनरीत गेलास, ते हे असलं काम मला नीट करता यावं म्हणूनच ना? त्यात चूक असेल तर मग माझं राहिलं काय?

यंदा पेरणी पावसाने जून महिन्यापर्यंत लांबली, म्हणून क्वामांच्या शेतावरचा मका अजून येतोय. अंगणात दोन गाड्या उभ्या आहेत, पिवळा पडलेला, जरड झालेला जून मका. उद्या त्याचंच क्रीम करते, डब्यांत तारा घालते, चार नंबरमध्ये ठेवते आणि बरोब्बर ऐंशी मिनिटं शिजवते. कुकर मी स्वतः चालवणार, बेव्हला हातही लावू देणार नाही. तुझं खोटं तुला आकड्यांत दाखवते.

व्हर्ना


शनिवार, १९ ऑक्टोबर

ओरिन,

दोनशे बावीस.

वाफ अडीचशे फॅरनहाइटवर होती, पूर्ण ऐंशी मिनिटं. मी घड्याळावरून नजर हलवली नाही. डब्याच्या पोटातला मका दोनशे बावीसच्या वर गेला नाही. मी म्हटलं तार बिघडली. तार बदलली, दुसरा घाणा लावला. दोनशे चोवीस. तिसरा. दोनशे एकवीस. मग ऑगस्टचा कोवळा मका होता ना, बर्फात ठेवलेला, त्याचं क्रीम करून तोच कुकर, तीच तार, तीच मिनिटं. दोनशे शेहेचाळीस.

डबा उघडून चमचा उभा केला. जून मक्यात चमचा उभाच राहिला. इतक्या घट्ट लगद्यातून उष्णता आत जाणार कशी? पहिल्या वर्षाच्या मुलांना हे शिकवतात. मी ऑगस्टच्या मक्याची वेळ काढली आणि ती ऑक्टोबरपर्यंतच्या मक्याला लावली. एरवी क्रीमची लाइन सप्टेंबरच्या मध्यालाच बंद होते म्हणून झाकून राहिलं. चौऱ्याहत्तर साली पेरणी लांबली होती. यंदा लांबली. बस, एवढंच. दोन वर्षं आणि दोन माणसं.

मग मी जुन्या फायली काढल्या. नोटीस आहे, ओरिन. कार्बन प्रत आहे, माझ्या सहीची. २० सप्टेंबर १९७४. "ओ. टॉरस्टॅड हे ठरल्या वेळेपेक्षा जास्त वेळ माल शिजवत असल्याने मका काळपट होत आहे. यापुढे एक मिनिटही जास्त दिल्यास कामावरून कमी करण्यात येईल." आणि बारा दिवसांनी तुला मी काढायला लावलं, ते कमी मिनिटं दिलीस म्हणून. दोन्ही कागदांखाली माझीच सही. मागच्या पत्रात आठवत नाही लिहिलं होतं ना, ते खोटं होतं. तुझं पत्र वाचतानाच आठवलं होतं मला. लगेच आठवलं.

तू त्या बैठकीत म्हणत होतास, "मी कागदाप्रमाणेच केलंय." चार वेळा म्हणालास. मी मोजत होते, कारण खोटारडा माणूस एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो असं मला वाटायचं. आई मागच्या बाकावर बसली होती. ती तुझ्या बाजूने बोलायला उठली तेव्हा मी तिला खाली बसवलं.

काल संध्याकाळी कामावरून सुटताना बेव्हला तिचं पत्र परत दिलं. वाटलं होतं आरडाओरडा करेल. तिने लिफाफा हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला.

"मी तुम्हाला विचारलं होतं, मिस टॉरस्टॅड. सव्वीस तारखेला. लॅबच्या दारात उभी राहून विचारलं, मका फार घट्ट वाटतोय, वेळ वाढवू का? आठवतंय तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवत होतं.

"तुम्ही म्हणालात, कागद भिंतीवर आहे, वाचता येतं ना? मग मी वाचलं. आणि वाचलं तेवढंच केलं. नोकरी घालवायची नव्हती मला. पण रात्री झोप लागेना, म्हणून ज्याला कळतं असं लोक म्हणतात त्याला लिहिलं. आता जाणारच म्हणा नोकरी."

"लोक म्हणतात?" मी विचारलं. "कोण म्हणतं ओरिनला कळतं?"

"सगळेच म्हणतात. फक्त तुमच्यासमोर म्हणत नाहीत."

आज दुपारी टेश घरी आले. अहवाल टाइप करूनच आणला होता. 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा', खाली माझं नाव आणि सहीसाठी जागा. मी त्यांना शुक्रवारचे आकडे दाखवले. त्यांनी पाहिले, घडी घालून परत माझ्या हातात दिले. म्हणाले, "व्हर्ना, हे आकडे तुझ्याशिवाय कोणी पाहिलेत? नाही ना? दोन महिने राहिलेत तुझे. मान ताठ ठेवून जा. त्या पोरीला मी दुसरीकडे कुठेतरी चिकटवून देईन." मग माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन कप कॉफी प्यायले आणि हवापाण्याचं बोलले.

मी पेन काढलं होतं, ओरिन. हे तुला सांगायलाच हवं. टोपण काढून कागदावर टेकवलं होतं. तुलाही असंच घालवलं होतं ना आम्ही, कॉफी पिता पिता. मी म्हटलं, सोमवारी करते सही. ते गेले. कागद टेबलावर आहे.

सोमवारी मी काय करेन मला माहीत नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांवर संशय घेत आले, आणि ज्या एका बाईवर घ्यायला हवा होता तिच्यावर घेतला नाही. आता घेतेय. तिचा भरवसा मला अजिबात वाटत नाही.

व्हर्ना


मंगळवार, २२ ऑक्टोबर

ओरिन,

सोबत अहवाल जोडलाय. टेशचा नव्हे, माझा. हाताने लिहिलाय, कारण टाइप करायला दिला असता तर तो वाचण्याआधीच गायब झाला असता. इतका तरी संशय घ्यायला मी शिकलेय.

बैठकीत बेव्ह दाराजवळ उभी होती, कोट अंगात घालूनच. जायच्या तयारीने आली होती. मी आकडे वाचले. मग म्हटलं, चूक वेळेच्या कागदात आहे आणि तो कागद माझा आहे. टेश म्हणाले, "ठीक आहे व्हर्ना, बस. तपासून बघू." मी बसले नाही. चौऱ्याहत्तरची नोटीस काढली आणि वाचली. मग तुला काढल्याचा अहवाल वाचला. टेश म्हणाले, "अगं, ते कोणी विचारलंय का?" मी म्हटलं, "सतरा वर्षं कोणी विचारलं नाही म्हणूनच वाचतेय." आवाज फार चिरकला माझा. मी म्हटलं, माझा भाऊ खरं बोलत होता. त्याने जास्त मिनिटं देऊन लोकांना वाचवलं, मी ती बंद करवली आणि वर त्यालाच चोर ठरवलं. पॅकिंगमधला म्हातारा एर्व्हिन, तुझ्या वेळचा, तो उठून बाहेर गेला आणि दार आपटलं. कोणावर रागावला ते कळलं नाही. माझ्यावरच असणार.

बेव्ह चार नंबरवर राहिली. जून मक्याला एकशे दहा मिनिटं, नवीन चाचणी होईपर्यंत. ती चाचणी मी करणार नाही, मॅडिसनहून कोणी तरुण बाई येणार आहे. मला आजपासून यायची गरज नाही असं टेशनी कळवलं. केकही रद्द. लिंडविगबाई फोनवर म्हणाल्या, "केक काय, कधीही करता येईल. त्याला लिहिलंस का ते सांग." लिहितेच आहे.

मी क्षमा मागते, ओरिन. कशाकशाची ते मोजायला गेले तर हे पत्र संपायचं नाही. तुझी नोकरी, तुझं गाव. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तू इथे येऊ शकला नाहीस. ती दर रविवारी रस्त्याकडे तोंड करून बसायची आणि मी तिला म्हणायचे, त्याला लाज वाटते म्हणून तो येत नाही.

तुझी बहीण,
व्हर्ना


हॅव्हर, मोंटाना
रविवार, ३ नोव्हेंबर १९९१

व्हर्ना,

तुझी पहिली चार पत्रं आली तशी मी ड्रॉवरमध्ये टाकली होती. पाचवं जाड होतं. वाटलं, वकिलाकडून काही असेल, म्हणून उघडलं. मग बाकीची उघडली.

खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. दोनदा वाचलं आणि म्हटलं, हिला काहीतरी हवंय. आजारी असेल, नाहीतर घर विकायला माझी सही हवी असेल. म्हणून बेव्हला फोन लावला. म्हटलं, माझी बहीण असं असं लिहितेय, यात खरं किती? ती म्हणाली, सगळं खरं. म्हटलं, उभी राहून वाचलं? म्हणाली, उभी राहून वाचलं, आणि बाहेर येऊन एक तास गाडीत बसली होती, गाडी चालूच करेना. मग मी फोन ठेवला. तेव्हा कुठे पटलं.

एक गोष्ट तुला माहीत नाही. पहिली दोन-तीन वर्षं मी चिडलेला होतो. मग चीड गेली आणि वेगळंच काहीतरी सुरू झालं. इतक्या शहाण्या बाईने म्हटलंय, अख्ख्या गावाने मान्य केलंय, तर त्या आठवड्यात माझ्याच हातून काही झालं असेल, असं मला वाटायला लागलं. कधीतरी डुलकी लागली असेल, कधीतरी घड्याळ चुकीचं वाचलं असेल. शाळेची बस चालवतो मी इथे. सतरा वर्षं रोज पोरं उतरवली की मागच्या सीटपर्यंत जाऊन येतो, मग पुन्हा एकदा जाऊन येतो, कोणी राहिलं नाही ना म्हणून. इथले लोक हसतात. परवा शुक्रवारी एकदाच गेलो.

इकडे येऊ नकोस. नाताळला तर नकोच, मला जमणार नाही. पुढच्या रविवारी चर्च झाल्यावर फोन कर. मी उचलेन की नाही ते आत्ता सांगत नाही. पण घरी असेन.

ओरिन